अठ्ठावीस-बाराची वायर आणि सोनगीरची फरशी

माझी पोस्टिंग धुळ्याला झाली तेव्हा मला आधी हसूच आलं. मी भारंबे, सावद्याचा. जळगावला भरती झालो, दक्षिणेत ट्रेनिंग केलं, दोन वर्षं उत्तरेत काढली आणि फिरून खानदेशातच येऊन पडलो. देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती. आग्रा रोडवरून लष्कराचे कॉन्व्हॉय जात. वाटेत गाडी बिघडली तर दुरुस्त करायला पावसाळ्यापुरती आमची एक लहान डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी, धुळ्याबाहेर तंबू ठोकून होती. आम्ही नऊ जण होतो. गाड्या तीन: एक जीप, एक स्टोअर्सची लॉरी आणि एक रिकव्हरी लॉरी, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारी, पुढे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओझं ओढणारा रहाट, असलेली.

कमांड हवालदार मोहित्यांकडे होती. साताऱ्याकडचे. ब्रह्मदेशच्या लढाईत गाड्यांची वायरिंग केलेला माणूस. डाव्या तळहातावर जळाल्याचा आडवा डाग होता. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. मी क्राफ्ट्समन, म्हणजे कारागीर शिपाई; ट्रेड व्हेईकल इलेक्ट्रिशियन, गाड्यांच्या विजेचं काम. परीक्षा पास झालो होतो, पण खरं सांगायचं तर पाठांतरावर. वीज मला समजली नव्हती. ती मला उस्तादांनी धुळ्यात समजावली.

रोज पहाटे साडेपाचला पीटी, साडेसातला गाड्यांची तपासणी, आठला काम. काम नसेल तर आठ ते नऊ क्लास. क्लासला मी एकटाच. रिकव्हरी लॉरीचा ड्रायव्हर लान्स नाईक गंगाराम वाघ समोरच्या पेट्रोलच्या डब्यावर बसून चहा पीत ऐकायचा. वाघ नेवाशाकडचा, प्रवरेच्या काठचा. सव्वीस वर्षांचा, माझ्याएवढाच. इंजिन त्याला आवाजावरून कळायचं. विजेवर त्याचा विश्वास नव्हता.

"जी दिसत न्हाई ती दुरुस्त कशी करतो रे तू?" तो मला विचारायचा.

उस्तादांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, "घरी काय पिकतं?"

"केळी."

"पाणी कसं देता?"

"विहिरीवरून पाटानं."

"पाटाला उतार नसला तर?"

"पाणी चालणार नाही."

"तो उतार म्हणजे व्होल्ट. पाटातून जाणारं पाणी म्हणजे अँपिअर. पाट अरुंद असेल, गवत वाढलं असेल तर पाणी अडतं, ते ओहम. आता मला सांग, शेवटच्या केळीला पाणी कमी का मिळतं?"

मी म्हणालो, "पाट लांब असतो. वाटेत जिरतं."

"विजेत पाणी जिरत नाही, उतार जिरतो. एवढा फरक ध्यानात ठेव."

मग त्यांनी जुन्या बॅटरीच्या दोन टोकांना एक बारीक तार लावली. ती क्षणात लाल झाली आणि तुटली. तेवढ्याच लांबीची जाड वायर, मध्ये दिवा घालून, त्याच बॅटरीला लावली. दिवा पेटला, वायर थंड. त्यांनी मला दोन्ही तारांना हात लावायला सांगितलं. बारीक तारेच्या तुकड्यानं माझं बोट भाजलं. ते बोट मी दोन दिवस आनंदानं मिरवलं. पुस्तकात जे वाचलं होतं ते मला चटका देऊन गेलं होतं.

गाडीच्या वायरचं माप आकड्यांत सांगायची आमची रीत होती. चौदा-बारा म्हणजे तांब्याचे चौदा धागे, प्रत्येक धागा इंचाच्या हजार भागांपैकी बारा भागांइतका जाड. तिच्यावर सहा अँपिअरपर्यंत बिनधास्त काम. अठ्ठावीस-बारा म्हणजे तसेच अठ्ठावीस धागे, सुमारे दुप्पट करंट सोसणारी. एकच जाड तार का नाही, तर गाडी हादरते. एकेरी तार हादऱ्यानं तुटते, धाग्यांची वायर वाकते.

एके सकाळी उस्तादांनी कोडं घातलं. जीपच्या आणि लॉरीच्या हेडलॅम्पच्या वायरी माझ्यासमोर टाकल्या.

"जीप लहान, तिची वायर जाड. लॉरी मोठी, तिची बारीक. का?"

मी तासभर दोन्ही गाड्यांखाली लोळलो. बॅटऱ्यांची झाकणं मोजली. जीपच्या बॅटरीला तीन खाने, लॉरीच्या बॅटरीला सहा. खान्याला दोन व्होल्ट. म्हणजे जीप सहा व्होल्टची, लॉरी बाराची. बल्ब दोन्हींचा छत्तीस वॉटचा. छत्तीसला बारानं भागलं, तीन अँपिअर. छत्तीसला सहानं भागलं, सहा अँपिअर. उतार निम्मा, म्हणून पाणी दुप्पट लागतं, म्हणून पाट रुंद हवा. मी गाडीखालून ओरडतच बाहेर आलो. वाघाच्या हातातला चहा सांडला.

उस्ताद म्हणाले, "बरोबर. ओरडू नको." पण त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा दिला.

त्यांचा नियम तीन वाक्यांचा होता. आधी करंट काढ. मग लांबी मोज. मग वायर उचल. मला पहिलं वाक्य फार आवडलं होतं. भागाकार करायचा आणि उत्तर यायचं. भेटेल त्या बल्बचा करंट मी काढत सुटलो होतो. लांबीकडे माझं तेवढं लक्ष नव्हतं, कारण गाडीत लांबी कितीशी असते.

जुलैच्या शेवटी सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी उत्तरेकडून एक कॉन्व्हॉय यायचा होता. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी जीपवरच्या वायरलेसवर कॉन्व्हॉय बोलला.

"हॅलो रिकव्हरी. सोनगीरच्या पलीकडे नाल्याच्या फरशीपुलावर पाणी. सर्व्हिस मोटार मधोमध अडकली आहे. आत प्रवासी. आमच्याकडे विंच नाही. ओव्हर."

उस्तादांनी माईक घेतला. "रिकव्हरी निघते. माणसांना टपावर चढवा. ओव्हर."

बारा पंधराला आम्ही निघालो. रिकव्हरी लॉरीत वाघ, उस्ताद, मी आणि आणखी दोघं. स्टोअर्सची लॉरी मागे. तेरा मैलांना पाऊण तास लागला. सोनगीरचा किल्ला पावसात दिसतच नव्हता.

फरशीवर कमरेएवढं पाणी होतं आणि वाढत होतं. मोटार तिरपी होऊन तिचं मागचं चाक कडेच्या दगडांत अडकलं होतं. टपावर आणि आत मिळून तेवीस माणसं. मोटार आधी ओढली तर ती उलटेल, असं उस्तादांनी एक नजर टाकून सांगितलं. आधी माणसं, मग मोटार.

काथ्याचा दोर लॉरीपासून मोटारीच्या दारापर्यंत ताणला. दुसरा दोर उस्तादांच्या कमरेला, तिसरा वाघाच्या. दोघं पाण्यात उतरले. मी काठावर दोर धरून होतो. वाघ पाण्यात सराईत होता. एकेकाला खांद्याशी धरून तो आणायचा, आम्ही ओढून घ्यायचो आणि तो लगेच वळायचा. एका बाईला आणताना त्यानं मला ओरडून विचारलं, "भारंबे, या पान्यात किती अँपिअर असतील रं?" मी हसलो. भीती वाटत नव्हती. काम रंगात आलं होतं, आणि एकेक माणूस काठाला लागला की आम्ही सगळे मोठ्यानं आकडा म्हणत होतो.

बावीस झाले. शेवटी एक म्हातारी राहिली होती. ती दार सोडेना. वाघ आत शिरला. थोड्या वेळानं म्हातारी दोरानं बांधलेली बाहेर आली. मी दोर ओढला, तो कुणाचा ते त्या घाईत पाहिलं नाही. ती हाताशी आली तेव्हा वरून पाण्याबरोबर बाभळीचं उन्मळलेलं झाड आलं. ते मोटारीवर आदळलं. मोटार सरकली. उस्ताद मोटार आणि कडेचा दगड यांच्यामध्ये सापडले. वाघ दारात उभा होता. नंतर तो दारात नव्हता.

तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

विंच लावून आम्ही मोटार तीन फूट ओढली आणि उस्तादांना सोडवलं. उजवी मांडी चिरडली होती. मी माझा पट्टा मांडीच्या वर आवळून बांधला. कॉन्व्हॉयचे बारा जवान खाली नाल्याच्या दोन्ही काठांनी वाघाला शोधायला धावले. मीही निघालो होतो. उस्ताद शुद्धीवर होते.

"शोधायला माणसं आहेत," ते म्हणाले. "तू गाडी बघ."

उस्तादांना मागे झोपवून रिकव्हरी लॉरी मी चालवत धुळ्याला आणली. मागच्या लॉरीत सात-आठ प्रवासीही आले. थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत. त्यात ती म्हातारीही होती.

साडेतीनला आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो. आवारात गुडघाभर चिखल होता, लॉरी आत जाईना. स्ट्रेचरवरून उस्तादांना आत नेलं. डॉक्टर पन्नाशीचे, किडकिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी मांडी पाहिली आणि म्हणाले, "आतली मोठी रक्तवाहिनी फाटली आहे. आता लगेच उघडायला हवं. पण सकाळपासून गावात वीज नाही, खांब पडलेत."

ऑपरेशनची खोली इमारतीच्या आतल्या अंगाला होती. ढगांमुळे तिथे संध्याकाळ झाल्यासारखा अंधार होता.

मी म्हणालो, "गॅसबत्ती आणतो."

"भुलीसाठी ईथर द्यायचा आहे. ईथर पेट घेतो. ज्योत या खोलीत चालणार नाही."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मला वीस मिनिटं द्या. गाडीचे दिवे आणतो."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी चिखलानं भरलेला होतो. "पंधरा," ते म्हणाले. "आणि ऐक. ईथरची वाफ जड असते, खाली बसते. दिवे उंच बांध. ठिणगी या खोलीत पडता कामा नये."

मी दोन्ही लॉऱ्यांचे मिळून तीन हेडलॅम्प आरशांसकट काढले. करंट काढला. तीन बल्ब, प्रत्येकी तीन अँपिअर, एकूण नऊ. चौदा-बारा चालणार नाही, जळेल. अठ्ठावीस-बाराचं भेंडोळं स्टोअर्सच्या लॉरीत होतं. मी ते उचललं. दिवे शिडीला उंच बांधले, सांधे पिळून वर टेप गुंडाळला, स्विच खोलीबाहेर ठेवला. फाटकाशी उभ्या लॉरीच्या बॅटरीपासून खोलीपर्यंत एकशे दहा फूट वायर अंथरली. चौदाव्या मिनिटाला स्विच दाबला.

दिवे पेटले. लाल. विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. त्यांच्या उजेडात डॉक्टरांचा हातसुद्धा नीट दिसेना.

मी बॅटरीकडे धावलो. टोकं घट्ट होती. वायर थंड होती, म्हणजे करंटच्या मानानं माप बरोबर होतं. इंजिन सुरू केलं, तरी फरक किंचित. मी चिखलात उभा राहिलो आणि उस्तादांचं दुसरं वाक्य आठवलं. लांबी मोज. एकशे दहा फूट. आणि तेव्हा चूक कळली. गाडीत वीज वायरीनं जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते, म्हणून आपण जाण्याचीच लांबी मोजतो. इथे लोखंड नव्हतं. जायला एकशे दहा, यायला एकशे दहा. दोनशे वीस फूट पाट. बारा व्होल्टांतले चार-पाच वाटेतच जिरत होते.

याहून जाड वायर एवढी लांब माझ्याकडे नव्हती. म्हणजे पाट रुंद करता येत नव्हता. मग विहीरच जवळ आणायची.

मी फाटकाशी उभ्या प्रवाशांना म्हणालो, "बॅटऱ्या उचलून आत न्यायच्या आहेत. ओझं दोघांचं आहे. तिरपी होऊ द्यायची नाही, आत तेजाब आहे."

एक धोतरातला शेतकरी पुढे आला. "बठ्ठ्या लई चालूत, भाऊ. दखाड कोठे ठेवानी." सगळ्या नेऊ, कुठे ठेवायच्या ते दाखव.

चार जणांनी दोन बॅटऱ्या डोक्यावर गोणपाट धरून चिखलातून आणल्या. ऑपरेशनच्या खोलीला लागून व्हरांडा होता. दार बंद करून, खिडकीच्या वरच्या फटीतून वायर आत घेतली. आता लांबी चौदा फूट, येऊन-जाऊन अठ्ठावीस. तीच वायर, तेच दिवे. स्विच दाबला.

खोली पांढरी झाली. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "हं. आता हलवू नका."

चार वाजून पाच मिनिटं. मला व्हरांड्यात नाचावंसं वाटलं. दाराच्या पलीकडे उस्ताद होते आणि नाल्यावर वाघाचा शोध चालला होता, हे माहीत असूनही वाटलं. तसं वाटलं ते मी लपवत नाही.

दोन्ही लॉऱ्या सुरू ठेवल्या होत्या. त्यांच्या डायनामोवर बॅटऱ्या आलटूनपालटून चार्ज करायच्या ठरवल्या. कॉन्व्हॉयकडून आलेल्या आणखी दोन बॅटऱ्या मिळाल्या. पाच वाजून दहा मिनिटांनी आतून आवाज आला.

"दिवा पिवळा पडतोय."

बॅटरी बदलायची होती, पण दिवा क्षणभरही विझू द्यायचा नव्हता. डॉक्टरांच्या चिमट्यात तेव्हा ती रक्तवाहिनी होती. मी नवी बॅटरी जुनीच्या शेजारी ठेवली. अधिक टोकाला अधिक जोडलं. मग उणे टोकाला उणे. जोडताना बारीक ठिणगी उडाली, व्हरांड्यातल्या वाऱ्यात. दोन्ही बॅटऱ्या एकत्र चालू लागल्यावरच जुनी सोडवली. आत कुणाला काही कळलं नाही. फक्त डॉक्टर म्हणाले, "आता बरोबर." शेतकऱ्यांनी जुनी बॅटरी उचलली आणि निघाले. असं आम्ही तीनदा केलं. तिसऱ्या वेळी त्यांना मी काही सांगायची गरज उरली नव्हती. अधिकचं टोक माझ्या बाजूला करूनच ते बॅटरी खाली ठेवत.

म्हातारी व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओल्या लुगड्यानं बसून होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बॅटरीच्या मधल्या वेळात तिनं मला विचारलं, "माले काढं त्या भाऊनं नाव काय शे?"

"गंगाराम वाघ."

"त्याना कंबरले दोर व्हता. त्यानी तो सोडा आनी माले बांधा. मी सांगी ऱ्हायनू, तुले लागी ना रे. तो बोलना, माले पवता येस. तो सापडना का?"

"अजून नाही, अक्का."

मी तोवर समजत होतो की वाघाचा दोर तुटला. मला पोहता येतं म्हणून त्यानं तो स्वतः सोडून तिला बांधला होता. मी दोन्ही बॅटऱ्यांची टोकं पुन्हा तपासली, ती घट्टच होती.

सहा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पाय राहील. माणूसही राहील. दिवे आता बंद करा." मी स्विच बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली.

वाघ दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सापडला, फरशीपासून दोन मैल खाली. त्याचं दहन आम्ही पांझरेच्या काठी केलं. सोनगीर, शिरपूरकडचे ते तेवीस प्रवासी जवळजवळ सगळे आले होते. काही जणांनी घरून लाकडं आणली होती, त्या पावसात ती कोरडी कुठे ठेवली होती कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी उस्ताद बोलण्याइतके सावध झाले. मी सॅल्यूट केला आणि रिपोर्ट द्यायला लागलो. माझी चूक सांगितली, परतीची लांबी विसरल्याची. मग बॅटऱ्या जवळ कशा आणल्या, पॅरलल कशा जोडल्या. मी भरभरून बोलत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वायर गरम झाली का?"

"नाही."

"ठीक." मग म्हणाले, "वाघ कुठाय?"

मला वाटलं होतं त्यांना कुणीतरी सांगितलं असेल. मी सांगितलं. वेळ सांगितली, जागा सांगितली. दोराचं सांगितलं.

ते म्हणाले, "कागद घे. त्याच्या वडलांना पत्र लिहायचंय. मला उठून बसता येत नाही, तू लिही."

मी लिहायला सुरुवात केली, आपला शूर मुलगा. त्यांनी मला थांबवलं.

"तसं नको. काय केलं ते लिही. वडील वाचतील, गाव वाचेल. त्यांना कळलं पाहिजे."

मग मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. पत्राची नक्कल मी तेव्हाच करून ठेवली. तिच्यात असं आहे:

"आपले चिरंजीव लान्स नाईक गंगाराम वाघ हे सोनगीरच्या पुढील नाल्यावर दुपारी एक वाजता पाण्यात उतरले. पन्नास मिनिटांत त्यांनी व मी मिळून तेवीस माणसे बाहेर काढली. त्यापैकी सोळा त्यांनी काढली. शेवटची बाई वृद्ध होती. तिला आपला दोर बांधून त्यांनी तिला पाठवले व स्वतः मागे राहिले. ती बाई सुखरूप आहे. मी त्यांचा हवालदार होतो. त्यांना पाण्यात उतरण्याचा हुकूम मी दिला. दोर सोडण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता."